तीन पॉइंट सात

"परत घाल," गोकुळदास म्हणाले.

"दोनदा घातलंय, बाब. तीन पॉइंट सातच येता."

"तुज्या मशिनीक येता. माजी गाय चाराच्या खाली कधी उतरूक नाय."

मागे रांगेत कोणीतरी कॅन जमिनीवर टेकवला. गोव्यातल्या मयेच्या तळ्यापलीकडच्या वाड्यावर दूध सोसायटी आहे, आणि हा संवाद तिथे बावीस वर्षं चालू होता. सगुण तिथला फॅट काढणारा, म्हणजे दर ठरवण्यासाठी दुधातलं फॅट मोजणारा. वाटीभर दूध यंत्राच्या नळीखाली धरायचं, आकडा येईपर्यंत थांबायचं, तारीख-वेळेसकट छापलेली चिठ्ठी फाडून द्यायची, एवढंच त्याचं काम. त्याच्या आकड्यावर वाड्यात कोणाचाही विश्वास नव्हता आणि त्याची चूक आजवर कोणालाही सापडली नव्हती.

सगुणने तिसऱ्यांदा दूध धरलं. पाच वाजून तेवीस मिनिटं. तीन पॉइंट सात.

"तक्रार करतलंय," गोकुळदास तिन्ही चिठ्ठ्या खिशात घालत म्हणाले.

"करा, बाब. शिक्को मारूक मीच आसंय."

रांग सहाला संपली. यंत्र चालू असताना फोन मुका करून खणात ठेवायचा, हा नियम सगुणने स्वतःच स्वतःला घालून दिला होता. खण उघडला तर हॉस्पिटलमधून तीन फोन येऊन गेले होते. पहिला पाच सतराचा.

त्याच्या बायकोचं, शेवंतीचं, मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर नंतरही म्हणत होते. त्या दुपारी सगुण पेज घेऊन गेला, तिला भरवली, साडेतीनपर्यंत बसला. मग शेवंतीच म्हणाली, "जा आता. लोक दूध घेवन उबे ऱ्हवतले." तो गेला. परत पोचला तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती, आणि घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दीड महिन्याने पार्किंगवाल्या कंपनीचं पत्र आलं. हॉस्पिटलच्या आवारातलं पार्किंग तिच्याकडे होतं. फाटकावरच्या कॅमेऱ्याने सगुणची स्कूटर बारा चाळीसला आत येताना पाहिली होती आणि सात चाळीसला बाहेर जाताना. मधे ती एकदा बाहेर जाऊन परत आत आली, हे पाहण्याचं कॅमेऱ्याच्या मनात आलं नाही. मर्यादा चार तासांची, स्कूटर सात तास उभी. दंड दोन हजार.

सगुणने भरलाही असता. पण स्कूटर सोसायटीच्या नावावर होती, म्हणून नोटीस सोसायटीच्या फायलीत गेली, आणि फाइल ऑडिटरकडे. ऑडिटरने लिहिलं: 'सदर दिवशी सायंकाळी फॅट तपासनीस हॉस्पिटलच्या आवारात असल्याचे दिसते. त्या वेळच्या चौपन्न चिठ्ठ्या कोणी दिल्या, याचा खुलासा व्हावा. तोपर्यंत तपासनिसास यंत्रापासून दूर ठेवावे.'

त्या संध्याकाळी सगुणला यंत्राजवळ अख्ख्या वाड्याने पाहिलं होतं. पण वाडा म्हणजे कागद नव्हे. सगुण घरी बसला. सकाळी साडेपाचला उठायचा, अंघोळ करायचा, आणि मग कुठे जायचं ते त्याला आठवायचं नाही.

कंपनीला त्याने तीन पत्रं पाठवली. तिन्हींना एकच उत्तर आलं, की आमची यंत्रणा अचूक आहे. बावीस वर्षं तो स्वतः लोकांना हेच सांगत आला होता, त्यामुळे त्याला फार रागावताही येईना.

वाड्यातलीच समीक्षा डिचोलीला वकिली करायची. तिने कागद वाचले.

"दंड भरू नका, काका. भरलात की ऑडिटर म्हणणार, बघा, कबूल केलं. ग्राहक आयोगात जाऊ."

"आणि तुजी फी, बाय?"

"बारावीच्या प्रकल्पाला तुम्ही मला मशीन उघडून दाखवलेलं. फी तेव्हाच पोचली."

अडचण वेगळीच होती. सोसायटीच्या रजिस्टरवरच संशय, मग ते पुरावा म्हणून द्यायचं कसं? बाहेरचा कागद हवा होता. तिसऱ्या दिवशी सगुण समीक्षाच्या ऑफिसात बसलेला असताना गोकुळदास तिथे आले. तिने बसायला कदेल पुढे केली, ते बसले नाहीत. सगुणकडे न पाहता त्यांनी सदऱ्यातून एक पाकीट काढलं. आत सगुणविरुद्ध दोन पानी तक्रार, त्याच तारखेची. तिला तीन चिठ्ठ्या टाचलेल्या: पाच चौदा, पाच एकोणीस, पाच तेवीस.

"ही सोसायटीत दिली नाही तुम्ही?" समीक्षाने विचारलं.

"दिवूक निघालंय, तर वाटेर कळलां, शेवंती गेली." गोकुळदास जनेलाच्या गजांतून बाहेर बघत राहिले. "तीनदा घालूक लावलंय मी ह्येका. तेव्हाच फोन वाजत आसतलो."

"सायलेंटार व्हतो, बाब," सगुण म्हणाला. "वाजूक नाय."

मग गोकुळदास बसले.

सुनावणीला कंपनीचे वकील फार सभ्यपणे बोलले. "माझे अशील एवढंच म्हणतात, की हे गृहस्थ सात तास आजारी पत्नीजवळ होते. यात नाकारण्यासारखं काय आहे?"

आयोगाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही पत्नीजवळ नव्हता?"

सगुणला वेळ लागला. यंत्राला लागायचा तेवढाच.

"साडेतीनपर्यंत होतो. मग नव्हतो."

"त्या वारल्या तेव्हा?"

"दुधाकडे होतो."

बाईंनी ते लिहून घेतलं. सगुणची बाजू अशी मजबूत होत गेली.

मग गोकुळदासांची पाळी आली. वकिलांनी तक्रारीचं पान वर धरलं. "हे यंत्र खोटं बोलतं, असं तुम्हीच लिहिलंय."

"बोलता."

"मग चिठ्ठीवरची वेळ खरी कशावरून?"

"फॅट खोटो सांगता. घड्याळाची तक्रार मी केलंय खंय?" गोकुळदास बाईंकडे वळले. "बावीस वर्सांत अकरा तक्रारी दिलंय, बाय. एकीत तरी घड्याळ आसा काय बघा. आणि वेळ माका पाठ आसा. माणूस भांडता तेव्हा सगळ्यांत शुद्धीर आसता."

बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

निकाल आठ महिन्यांनी लागला. नोटीस रद्द, कंपनीने लेखी माफी मागावी, खर्च द्यावा. ऑडिटरने आपला शेरा एका ओळीत मागे घेतला. सगुणने आयोगाच्या कारकुनाचे आभार मानले, पाणी देणाऱ्या शिपायाचे मानले, कंपनीच्या वकिलांनाही हात जोडले. वकील बिचारे ओशाळले. हरल्यावर त्यांचे आभार बहुधा कोणी मानत नसावं. गोकुळदास तेवढ्यात जिना उतरून गेले होते.

"आता ती नोटीस फाडून टाका, काका," समीक्षा म्हणाली.

सगुणने ती नीट चौपदरी घडी करून खिशात ठेवली. संध्याकाळपर्यंत तो शेवंतीजवळ बसून होता, असं म्हणणारा जगात तेवढा एकच कागद होता.

दुसऱ्या दिवशी तो यंत्रावर परत बसला. रांगेतल्या एकीने नेहमीपेक्षा जरा जपून कॅन ठेवला. गोकुळदासांचा नंबर आला. तीन पॉइंट सात. त्यांनी चिठ्ठी घेतली, न बघता घडी केली आणि चालू लागले.

"बाब," सगुणने हाक मारली. "परत घालूं?"

"नाका."

ते दोन पावलं गेले, थांबले, मागे आले.

"बरां, घाल."

सगुणने वाटी नळीखाली धरली. खणात आता घडी केलेली नोटीस होती. फोन वर, यंत्राशेजारी उताणा पडला होता, आवाज पुरता मोठा केलेला. या वेळी त्याला फोन करील असं आता कोणी नव्हतं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि दोघे आकडा येण्याची वाट बघत उभे होते.