उसनं रक्त

प्रयोगशाळेतल्या बाईंनी कापूस लावलेली काडी पुढे केली, तशी आईने तोंड घट्ट मिटून घेतलं. औषध नको म्हणणाऱ्या लहान मुलासारखं.

"काकू, गालाला आतून नुसती फिरवायची. दुखत नाही."

"मला नाही द्यायचं काही," आई ओठांच्या फटीतून बोलली. "माझा मुलगा परत येणार आहे."

धाकटी लेक खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. पुरात पूल कोसळून दादाचा ट्रक वाहून गेला, तेव्हापासून खरं तर तिला एका जागी बसवतच नव्हतं. महिने उलटले. आता बरंच खाली, नदीच्या वाळूत एक हाड सापडलं होतं. ते दादाचं आहे का, हे ठरवायला मायलेकींना बोलावलं होतं.

"हाडावरून कळतं?" आईने विचारलं. विचारलं कसलं, ती बाईंना खोटं पाडायलाच निघाली होती.

"कळतं ना. शरीर कसं घडवायचं ते प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं. अक्षरं चारच, पण मजकूर लांबलचक. हाडात तोच, रक्तात तोच. त्यातला निम्मा आईकडून येतो, म्हणून तुमचा नमुना हवाय."

"आणि हिचा घेतला तर?"

"बहीणभावांचं काही जुळतं, काही नाही. एकट्या बहिणीवरून छातीठोक सांगता येत नाही."

"मग हिचाच घ्या," आई म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सैलावला. छातीठोक नाही, म्हणजे दार किलकिलं राहणार होतं.

धाकटी पुन्हा खिडकीशी गेली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींचा स्टँड होता. तिला त्या किलकिल्या दाराचा वीट आला होता. फोन वाजला की आईच्या आधी धावायचं, रस्त्यात कुणाची पाठ दादासारखी दिसली की मागे लागायचं आणि पुढे जाऊन ओशाळायचं. पण भीतीही तेवढीच वाटत होती, कारण खरं उत्तर तिच्यापाशीच होतं.

शाळेत असताना तिला रक्ताचं दुखणं जडलं होतं. दादाने आपली अस्थिमज्जा दिली, ती तिच्या हाडांत रुजली, आणि तेव्हापासून तिच्या अंगात तयार होत होतं ते दादाचं रक्त. रक्तगटसुद्धा बदलला. सुई बघून घेरी येणाऱ्या दादाने पुढे त्याचा टेंभा मात्र भरपूर मिरवला. ती चिडली की म्हणायचा, "उगाच उसळू नकोस. रक्त माझं आहे."

"चला, मग तुमचा गालाचा घेऊ," बाई दुसऱ्या काडीचं पाकीट फोडत तिला म्हणाल्या. "कधी रक्त चढवलंय, कुणाचा अवयव बसवलाय, असं काही?"

नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. धाकटीने वळून पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती. तिने मान हलवली, अगदी थोडी. नको.

धाकटीला रडू फुटलं. तशीच ती येऊन खुर्चीत बसली आणि बाही कोपराच्या वर सारली.

"मला भावाची अस्थिमज्जा दिलीय. गालाचं राहू दे, रक्त घ्या. ते त्याचंच आहे."

बाईंनी काडी खाली ठेवली. "मग आईंना त्रास नको द्यायला," त्या हळूच म्हणाल्या. "हाड त्याचं असेल तर अक्षर न् अक्षर जुळेल."

दंडाला पट्टा आवळला, शीर वर आली. आई उठली. धाकटीला वाटलं, ही आता निघून जाणार. पण आई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली, आणि आपल्या तळहाताने तिचे डोळे झाकले.

"हळू टोचा हं," ती बाईंना म्हणाली. "त्याला सुईची भीती वाटते."