मिठाने पोखरलेलं मडकं

मी एक जुनं मिठाचं मडकं आहे. मित्रांनो, मला हात लावाल तर जपून, माझ्या अंगाचे पापुद्रे सुटतात. मीठ आतून पोखरतं, आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

देश स्वतंत्र झाला त्या साली पेणच्या कुंभाराने मला घडवलं. तिथून मी धरमतरच्या खाडीकाठी बुधाजीच्या चुलीशेजारी आलं. तेव्हा तो पस्तिशीचा तगडा गडी होता. दिवाळी सरली की मिठागरातला चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा, मग उन्हाळाभर मीठ ओढायचं. घामाने निथळून घरी यायचा आणि जेवताना माझ्यात चारही बोटं घालायचा. "आपल्याच आगराचं मीठ हाय, तोटा कसला?" म्हणायचा. मला भारी अभिमान वाटे. मूर्खच होतं मी!

पुढे तो मुकादम झाला. चिखल दुसरे तुडवू लागले, हा बांधावर छत्री उघडून बसू लागला. पोट सुटलं, घराची पायरी चढताना धाप लागू लागली. माझ्यातली चार बोटं मात्र तीच राहिली.

एकसष्ट साली त्याला गरगरलं. बायको मैना त्याला अलिबागच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्तदाब फार वाढला होता. "पन्नाशी आली, पण अजून वेळ आहे," डॉक्टर म्हणाले. "मीठ, तेलकट कमी करा. रोज सकाळी बेताने मैलभर चाला."

बुधाजीने घरी येताच देवासमोर मीठ सोडलं. नवस फेडावा तसं! मला उचलून माळ्यावर ठेवलं. कालवण अळणी शिजू लागलं आणि त्याच्या ताटात रोज खारा बांगडा येऊ लागला.

"अवो, खाऱ्या मासलीत बी मीठच हाय ना?" मैनाने एकदा भीत भीत विचारलं.

"मी मीठ सोडलंय, मासली न्हाय. डाक्तर बांगड्याचं नाव तरी बोलला काय?"

मग मैना पावसाळ्याच्या बेगमीला माळ्यावर चढून माझ्यातलंच मीठ मुठीमुठीने बांगड्यांना चोळू लागली. मी ओरडत होतं, "अगं बाई, नको!" पण मडक्याचं कोण ऐकतं?

"निदान चाला तरी," ती म्हणायची.

"मुकादम उगाच बांधावर फिरतोय, लोक हसतील मना."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर चिखल तुडवायला गडी उतरले. बुधाजी बांधावरून खेकसला, "असं तुडवतात व्हय? बघा, मी दाखवतो!" धोतर खोचून उतरला. वीस पावलं जोरात तुडवली आणि छाती धरून तिथेच चिखलात बसला. त्याला घरी आणलं ते चौघांनी उचलून.

आमच्याकडे सुतकात दहा दिवस अळणी जेवतात. मैना पहिल्या दिवशी भाताचा घास हातात धरून किती वेळ बसली होती! "एवढंच तर खायचं होतं वो तुमी," ती म्हणाली आणि रडू लागली. त्या दिवशी घरात खारा बांगडाही कोणी शिजवला नाही.

आता ती रोज सकाळी एकटी बांधावरून चालून येते. लोक हसतात, हसू देत. मित्रांनो, अंगात बळ आहे तोवर हात आवरा आणि पाय चालवा. जे अळणी घास बुधाजीने खाऱ्या बांगड्याशिवाय गिळले नाहीत, ते त्याच्या माणसांना दहा दिवस गिळावे लागले.