हाकेकऱ्याची जागा

"माणूस चुकीच्या जागी उभा केलाय," आलोइस पुटपुटला.

तो हे नीलिमाला नाही, भिंतीला म्हणाला. पण नीलिमा त्याच्या खांद्याशीच स्टुलावर उभी राहून फळीची कडी खिळ्यात अडकवत होती, तेव्हा भिंतीच्या आधी तिलाच ऐकू आलं. तिनं कडी अडकवली, फळी सरळ केली आणि काही कानावर पडलंच नाही अशा थाटात खाली उतरली.

परातीएवढी गोल लाकडी फळी. रेगेन्सबर्गपासून बसनं पंचवीस मिनिटांवरच्या या गावातल्या नेमबाजांच्या क्लबात दर वर्षी अशी एक फळी रंगवायची, कुणाच्या तरी स्मरणार्थ. मग सगळ्या सभासदांनी दहा मीटरवरून तिच्यावर एकेक छर्रा मारायचा, आणि भोकं पडलेली ती फळी कायमची भिंतीवर लावायची. आदर दाखवायची ही तऱ्हा पहिल्यांदा पाहिली तेव्हा नीलिमाला हसू आवरलं नव्हतं. त्याला आता अकरा वर्षं झाली. फळ्या रंगवणारा म्हातारा वारल्यावर ते काम तिच्याकडे आलं होतं. श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांवर ती रंगवायला शिकली, तेही डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे निदान चुका तरी तिच्या स्वतःच्या होत्या.

आलोइसनं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि उलटा धरला. दांड्याचं मागचं टोक त्यानं चित्रातल्या मचाणाशी धरलं, जिथं बंदूक घेतलेला माणूस बसला होता. दांडा बिबट्याच्या पाठीवरून पुढं गेला आणि गवतातल्या, डबा वाजवून जनावर उठवणाऱ्या हाकेकऱ्याच्या छातीवर टेकला.

"बघ."

"चित्र आहे ते, आलोइस."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर सांगतोय. खरं असतं तर सांगायला उशीर झाला असता."

तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, आणि गेली एकतीस वर्षं नेमबाजीच्या पट्ट्यावर देखरेख करत होता. समोर कुणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो 'मोकळं' म्हणायचा नाही, आणि त्यानं म्हटल्याशिवाय गावचा मेयरसुद्धा बंदूक उचलायचा नाही. नीलिमानं त्याच्या हातातून झाडू काढून घेतला आणि निष्कारण दोन फरश्या झाडल्या.

यंदाची फळी लेखकांची होती. ज्यांचं लिखाण वाचून इथल्या म्हाताऱ्यांनी पोरवयात बंदूक हातात घेतली, त्यांच्या स्मरणार्थ. वरच्या भागात हरणांवर लिहिणारा एक वनाधिकारी, डावीकडे तीस वर्षं मासिकात बंदुकीच्या घोड्यांबद्दल लिहिणारा एक बंदूक-कारागीर, आणि उजवीकडे, पाहुण्याचा मान म्हणून, उल्हासराव खरवंडीकर. ते तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, दैवत. सासूबाई गेल्यापासून बाबा दर वर्षी उन्हाळ्यात इथं यायचे. औषधांची पिशवी ते सामानात टाकायचे, पण खरवंडीकरांचं 'सोबत बंदुकीची' मात्र विमानात मांडीवर असायचं. मुखपृष्ठावरच्या फोटोत मेलेल्या बिबट्यावर पाय ठेवलेले उल्हासराव, आणि शेजारी दुसरी बंदूक सांभाळणारा काडीसारखा पोरगा. तो पोरगा म्हणजे बाबा, वय वर्षं एकवीस.

चित्र काढायचं म्हणून नीलिमानं ते पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. मे महिन्यात बाल्कनीत बसून वाचलं, आणि मधेच उठून चूळ भरून आली. तसं पाहिलं तर लेखणी गोड होती. पहाटेचं गवत असं लिहिलं होतं की वाचणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. पण त्याच लेखणीनं अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या त्या हाक्याबद्दलही लिहिलं होतं. जखमी बिबट्या उलटला, एका हाकेकऱ्यावर पडला, एका पंज्यात खेळ खलास. आणि पुढं: 'गडी धाडसी, पण अक्कल बेताची. त्याच्या विधवेला आम्ही आमिषासाठी बांधलेली शेळी देऊन टाकली. तेवढ्या शेळीवर तिचा संसार पुन्हा उभा राहिला.'

शेळी. नीलिमानं ते वाक्य चारुदत्तला मोठ्यांदा वाचून दाखवलं होतं.

"त्या काळातली माणसं गं," नवरा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला होता. "तेव्हा असंच लिहायचे."

"लिहायचे तसं लिहू देत. मला ते गिळता येत नाहीये."

मग एका दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर बाबांना जागा विचारून घेतल्या. तिची पद्धतच ती. कुठली वस्तू कुठं, हे हातानं मांडून पाहिल्याशिवाय तिला चित्र सुचायचं नाही. बाबा खुशीत आले. आमटीची वाटी पालथी घातली, ते मचाण. लिंबाची फोड, तो बिबट्या. मिठाची बरणी म्हणजे ओढ्याचं वळण.

"आणि तो माणूस?" तिनं विचारलं.

बाबांनी चमचा उचलला. तो हवेत तसाच राहिला. मग त्यांनी तो लिंबाच्या मागं, वाटीच्या अगदी सरळ रेषेत ठेवला. असा ठेवला, की वर्षानुवर्षं तो तिथंच ठेवत आले असावेत. दुसऱ्याच क्षणी त्यांनी चमचा उचलून पार टेबलाच्या कडेला नेला.

"इथं. पुस्तकात आहे ना, डावीकडच्या बांधावर."

शेजारी उर्जा वही उघडून बसली होती. पंधरा वर्षांची ही नात मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. त्याचं नाव काय होतं, असं तिनं आजोबांना जर्मनमध्ये विचारलं. नीलिमानं तो प्रश्न मराठीत सांगितला.

"गडी होता एक," बाबा म्हणाले, आणि लिंबू वरणात पिळून टाकलं.

नीलिमानं चित्रात माणूस उभा केला तो चमच्याच्या पहिल्या जागी. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. हात तिथंच गेला एवढंच. चारुदत्तनं मंगळवारी चित्र पाहिलं आणि बराच वेळ बघत राहिला. तो काही नेमबाज नव्हता, पण एका रेषेतले तीन बिंदू ओळखायला इंजिनियर पुरेसा असतो.

"याला झुडपामागे घाल," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे काय? बाबा ऐंशीला आलेत. त्यांच्याकडे आता तेवढंच तर आहे."

"तुला माहितेय?"

"मला काही माहीत नाही," चारुदत्त म्हणाला. "आणि मला माहीत करूनही घ्यायचं नाहीये. तू हिरवा रंग लाव."

तिनं हिरवा कालवला. एकदा नाही, दोनदा. ब्रश त्या माणसाच्या खांद्यापर्यंत नेला. तो माणूस तिनं करंगळीएवढा काढला होता, डोक्याला फडकं, हातात पत्र्याचा डबा वाजवायला. याच्यावर झुडूप काढायचं म्हणजे त्याला पुन्हा एकदा पुरायचं, या वेळी आपल्या हातांनी, आणि वर ते झुडूप छान जमलंय म्हणून टाळ्या घ्यायच्या. तिला स्वतःच्या बोटांचीच शिसारी आली. तिनं ब्रश धुऊन टाकला. हिरवा रंग बशीत वाळून गेला, तो अजून निघाला नव्हता.

फळी भिंतीवर लावली त्याच दिवशी चार वाजता हॉल भरला. भिंतीवरचा पेंढा भरलेला बिज्जू काचेच्या डोळ्यांनी सगळ्यांच्या केककडे बघत होता. बाबा बंद गळ्याचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. चष्मा घरी राहिला होता. उर्जा तो आणायला सायकलवरून गेली होती. त्यामुळे भिंतीवरची फळी त्यांच्यासाठी अजून रंगांचा एक गोळा होती.

आधी एका निवृत्त पोस्टमननं वनाधिकाऱ्याच्या लेखातला उतारा वाचला. वाचता वाचता तो मधेच अडखळला, तेव्हा त्याच्या बायकोनं त्याच्या पुढ्यात बिअर सरकवली. या सगळ्या लेखनात बायका नेमक्या एवढ्याचसाठी यायच्या, हे नीलिमाच्या ध्यानात आलं होतं. बंदूक-कारागिराबद्दल कुणी तरी म्हणालं, त्याच्यामुळे मी घोडा दाबायला नाही, वाट बघायला शिकलो. ते मात्र तिला आवडलं.

मग बाबा उठले. नीलिमा भाषांतराला शेजारी उभी राहिली. सोळाव्या वर्षी लायब्ररीत उल्हासरावांचं आधीचं एक पुस्तक कसं सापडलं, लेखकाला पत्र कसं टाकलं, चक्क उत्तर कसं आलं, पोस्टकार्डावर, जांभळ्या शाईत. 'अक्षर मोत्यासारखं आहे तुमचं. भेटा.' लोक हसत होते, माना डोलावत होते. प्रत्येकाच्या आयुष्यात असं एखादं पोस्टकार्ड आलेलं असावं. उर्जानं आणलेला चष्मा बाबांनी डोळ्यांवर चढवला आणि पुस्तक उघडलं. गवताचा उतारा असेल असं नीलिमाला वाटलं होतं. पण त्यांनी पहिलंच प्रकरण काढलं.

"'हाकेकऱ्यांच्या दिशेनं बंदूक कधीही उचलू नये,'" बाबांनी वाचलं. "'जनावर आपल्याला ओलांडून जाऊ द्यावं, मग पाठमोरं मारावं. जनावर निसटलं तर पुन्हा भेटतं. माणूस भेटत नाही.'"

नीलिमानं ते जर्मनमध्ये सांगितलं. तोंडात बुरशी आलेल्या पावाचा तुकडा आल्यासारखं तिला झालं, आणि थुंकायला जागा नव्हती.

"गेनाऊ," आलोइस मागून मोठ्यांदा म्हणाला. "हेच मला माझ्या बापानं सांगितलं होतं. हा माणूस खरा शिकारी." आणि मग, एकतीस वर्षांची सवय, त्याची नजर आपोआप फळीकडे गेली.

टाळ्या झाल्या. फळी पट्ट्याच्या टोकाला नेऊन अडकवली. क्लबचे अध्यक्ष पहिला मान पाहुण्यांचा म्हणाले आणि त्यांनी हवेची रायफल बाबांच्या हातात दिली. सगळे आलोइसच्या 'मोकळं'ची वाट बघू लागले.

आलोइस पट्ट्यावरच्या दिव्याच्या बटणाशी उभा होता. मग कान खाजवत म्हणाला, "आल्झो, म्हणजे, मला 'मोकळं' म्हणता येत नाही. समोर माणूस आहे."

हॉल हसला. आलोइस हसला नाही.

"नियम यांनीच वाचला आत्ता. मग यांच्याच चित्रात तो बंदुकीच्या समोर कसा?"

नीलिमानं हे भाषांतर केलं नाही. पण बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग उर्जाकडे, आणि उर्जानं, जी आजवर आजोबांशी धड एक वाक्य मराठीत बोलली नव्हती, तिनं सांगितलं, "आजोबा, तो म्हणतो, माणूस गोळीच्या समोर आहे."

"चित्र आहे हो ते," चारुदत्त घाईघाईनं जर्मनमध्ये म्हणाला. "नीलिमा कुठं शिकलीय रीतसर? लांबचं-जवळचं तिला जमत नाही अजून." त्यानं हसून सगळ्यांकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्याकडे. ते पाहणं हसरं नव्हतं.

सगळा हॉल तिच्याकडे वळला. एक 'हो' म्हटलं की संपणार होतं. केक होता, कॉफी होती, पन्नास जणांचे पन्नास छर्रे होते. आणि बाबा होते, कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात लावलेले, हातात उगीच धरलेली रायफल. तिला त्यांची दया आली आणि त्याच घोटात किळसही. दोन्ही वेगवेगळं करता येईना.

"हो," ती म्हणाली. "चुकलं माझं. माणूस बांधावर हवा होता."

लोक सैलावले. कुणी तरी तिच्या पाठीवर थोपटलं. आलोइसनं खांदे उडवले आणि बटणाकडे हात नेला.

बाबांनी रायफल टेबलावर ठेवली, नळी भिंतीकडे करून, नेमानं. मग ते पट्ट्यात उतरले. इतक्या वर्षांत त्या पट्ट्यात असं कुणी चालत गेलेलं नसावं. आलोइसनं बटणावरचा हात मागं घेतला. दहा मीटर जायला त्यांना बराच वेळ लागला. फळीसमोर ते वाकले, चष्मा नाकावर सरकवला, आणि करंगळीएवढ्या त्या माणसाच्या बाजूला, त्याला न शिवता, बोट टेकवलं.

"नीलिमा, आता मी बोलतो ते सांग त्यांना. मघासारखं गाळू नकोस."

"बाबा, राहू दे ना," चारुदत्त म्हणाला.

बाबा फळीकडेच तोंड करून उभे राहिले.

"तिचं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "सोमा इथंच होता. बिबट्या त्याला शिवलासुद्धा नाही, तो निघून गेला. फोटोतला बिबट्या दुसरा. सोमाला उल्हासरावांची गोळी लागली, मी शेजारी बसलो होतो. आणि पंचनाम्यात पंजा असं लिहिलं ते मी. माझं अक्षर चांगलं होतं ना."