कांदा मी चिरला नव्हता

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या खिडकीत सुतळीने टांगलेली जी जुनी सुरी वाऱ्यावर हलते आहे ना, ती मी. मला स्वस्थ लटकता येत नाही. सकाळपासून जीव नुसता वरखाली होतो आहे. का, ते सांगते.

लोहाराने मला घडवले ते एका तरुण तंबाखूवाल्यासाठी. पाठ जाड, धार पातळ, मूठ शिसवी लाकडाची. हा तंबाखूवाला पाइपात ओढायची तंबाखू घरीच तयार करून पुढच्या खोलीत विकायचा. त्याचे नाक इतके तिखट, की सारी गल्ली त्याला नाकवाला म्हणे. पाने थरावर थर रचायची, लाकडी चौकटीत घालून स्क्रू आवळायचा, आणि काही आठवडे तिकडे बघायचेही नाही. मग त्यांची विटेसारखी घट्ट, चिकट लादी होते. त्या लादीचे पातळ काप करायचे, तेही भुगा न पाडता, हे माझे काम. तंबाखूची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. त्याची बायको तिला रोज नावे ठेवते आणि ते बरोबरच आहे. पण काप मात्र मी देखणे करायचे. रोज येणारे म्हातारे मास्तर एकेक काप उजेडात धरून माझे कौतुक करायचे, आणि मी खिळ्यावर लटकल्या लटकल्या फुगायचे.

तंबाखू शेजारचा वास चटकन उचलते. म्हणून नाकवाल्याचा नियम होता, की मला दुसरे काहीही चिरायला घ्यायचे नाही.

एकदा तो बाहेर गेलेला असताना घरी अचानक पाहुणे आले. बायकोची तारांबळ उडाली. तिची चिरायची फळी एवढीशी, म्हणून तिने दुकानातली त्याची रुंद फळी ओढली आणि तिच्यावर कांद्याचा ढीग चिरला. चिरला तिच्या स्वतःच्या सुरीने. मी खिळ्यावरून सगळे पाहत होते. मग तिने फळी फडक्याने पुसून जागेवर ठेवली आणि त्या गडबडीत विसरूनही गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाइप पेटवला आणि तोंड वाकडे केले. "काय हो, आज तंबाखूला कांद्याची फोडणी दिलीत की काय?"

नाकवाल्याने काप हुंगला. मग मला खिळ्यावरून ओढून तडक स्वयंपाकघरात गेला. "माझ्या सुरीने कांदा चिरलास?"

"तुमच्या सुरीला मी हातही लावलेला नाही."

"माझं नाक खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?"

त्याने मला तिच्या पुढ्यात आपटले. "घे. आता खुशाल चीर."

मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फळी हुंगा, फळी, असे ओरडावेसे वाटत होते. पण सुरीला धार असते, जीभ नसते. बायको त्या दिवसापासून कामापुरतेच बोलू लागली. आणि खुशाल चीर म्हणाला होता, तर तिने चिरले. रोज मी, रोज कांदा.

पुढे दुकानात नव्या सुरीचा शोध सुरू झाला, त्याचे आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू यायचे. शेजारणीकडून ब्रेडची दातेरी सुरी आली. तिने लादीचा पार भुगा केला. खाटकाच्या सुऱ्याखाली लादी उभी फुटली. न्हाव्याचा जुना वस्तरा अर्ध्यावर रुतून बसला, तो चिमट्याने काढावा लागला. आणि काप कसाही पडो, कांद्याचा वास यायचाच. नाकवाला म्हणायचा, यांनीही कुठे ना कुठे कांदा चिरला असणार. मास्तर यायचे बंद झाले. नाकवाला रिकाम्या दुकानात येरझाऱ्या घालायचा, आणि इकडे बायको भांडी जास्तच आपटायची.

शेवटी त्याने नवी कोरी सुरी आणली. माझ्यासारखीच, जाड पाठीची. तेलकट कागदातून काढली, पहिला काप सुरेख पडला. त्याने तो हुंगला आणि जागच्या जागी थांबला. कोऱ्या सुरीने कांदा कधी चिरला असणार? त्याने हळूहळू वाकून फळीला नाक लावले.

तो आत आला तेव्हा ती मला घेऊन कांदाच चिरत होती.

"पाहुणे आले होते तेव्हा कांदा माझ्या फळीवर चिरलास का?"

ती आठवू लागली. "हो की. का?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही सुरीचं विचारलंत, मी सुरीचं खरं ते सांगितलं. ते तुम्हाला पटलं नाही. फळीचं कुणाच्या डोक्यात होतं?"

त्याने मला उचलून हुंगले. आता माझ्या अंगाला खरोखरच वास येत होता, अगदी मुठीपर्यंत मुरलेला. त्याचे डोळे भरून आले. "चुकलो," तो म्हणाला, माझ्याकडे बघत.

"सुरीशी बोलून झालं असेल तर इकडेही बघा."

"चुकलो गं," तो तिला म्हणाला.

तिने कांद्याचे ताट त्याच्याकडे सरकवले. "मग बसा. उरलेला चिरा."

त्याने चिरला. इतके पातळ काप त्या ताटाने कधी पाहिले नव्हते.

मग मला राखेने घासून इथे वाऱ्यावर टांगले. दुकानात नवी फळी आली आहे आणि माझ्या खिळ्यावर ती कोरी सुरी लटकते आहे. रोज सकाळी नाकवाला मला हुंगतो, "अजून आहे" म्हणतो आणि जातो. मित्रांनो, तुमच्याही घरी कशाला तरी वास येईल, काहीतरी मोडेल, हरवेल. खापर फोडायच्या आधी जरा खालची फळीही हुंगून बघा, आणि जवळचे माणूस काय सांगते ते ऐका. नाहीतर माझ्यासारखी कुणीतरी वाऱ्यावर लटकत राहते.

आज सकाळी तो आला, त्याने मला हुंगले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग मला बायकोच्या नाकापुढे धरले. "तू बघ."

"मला तर नाही येत," ती म्हणाली.

खरे सांगू? मुठीत थोडासा होता. त्यालाही तो आला होता. पण तो म्हणाला, "मग नसेल," आणि सुतळी कापायला कात्री शोधत दुकानाकडे गेला. अजून आलेला नाही.