पाठ लागली की संपलं

दंगलवाल्या कंपनीचा तंबू अकोल्यात लागला की मला जेवण गोड लागत नसे. गावाला गंमत वाटायची, मला शिसारी यायची. तेल चोपडलेले, सुटलेल्या पोटांचे आडदांड पुरुष एकमेकांना न लागणारे ठोसे मारायचे, मेल्यासारखे पडायचे, तोंडात लपवलेल्या लाल रंगाची गुळणी टाकायचे, आणि समोर बसलेलं अख्खं गाव ऊर फुटेस्तोवर ओरडायचं. मी तेव्हा नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. खोटं बोलणारी पोर मला तोंड उघडायच्या आधी कळायची. इथे तर खोटेपणाला तिकीट होतं आणि तिकिटाला रांग होती.

तरीही एकसष्ट सालच्या हिवाळ्यात मी स्वतः त्या तंबूत जाऊन बसले, कारण माझे यजमान तिथे खेळणार होते.

सहदेवराव मूळचे तेल्हाऱ्याकडचे. पलटणीत गेले, तिथे मुष्टियुद्ध शिकले. पलटणीत सगळे बॉक्सिंग म्हणत, म्हणून आमच्या घरातही तोच शब्द. सुटून आल्यावर गिरणीत फिटर म्हणून लागले, पण जीव अडकला होता तो बॉक्सिंगमध्येच. त्याला कारण होतं. लहानपणी गावच्या आखाड्यात आमच्या वस्तीतल्या पोराला जोड मिळत नसे. अंगाला अंग लागेल ना! पलटणीत मात्र त्यांनी एका मोठ्या घरच्या कॅप्टनचं नाक फोडलं, आणि त्या कॅप्टनने एका हाताने नाकाला रुमाल लावून दुसऱ्या हाताने यांचा हात सर्वांदेखत वर केला. सगळे साहेब उठून उभे राहिले. हे सांगताना यांचा आवाजच बदलायचा. छप्पन साली आम्ही नागपूरला दीक्षा घेऊन परतत होतो, तेव्हा गाडीच्या त्या गर्दीतसुद्धा यांना कॅप्टन आठवला. म्हणाले, "आज त्या दिवसासारखं वाटून राह्यलं, सत्यभामे."

तर त्यांना अकोल्यात बॉक्सिंगचा वर्ग काढायचा होता. आमच्या वस्तीतली पोरं, माळ्याची, कुणब्याची, मोमिनाची पोरं, सगळी एका दोरीच्या आत. त्यासाठी जागा हवी होती, आणि जागा एकच होती : तालमीच्या मागची टिनाची शेड. ती नुसती पडून होती. तालमीचे चिटणीस जानराव. माणूस वाईट नाही, पण चार लोक काय म्हणतील याच्यापुढे त्याची अक्कल कधी गेली नाही.

"शेड देतो, सहदेवराव," तो म्हणाला. "पण लोकं म्हणतात, हे बॉक्सिंग म्हणजे त्या तंबूवाल्यायचाच चाळा होय. आमच्या तालमीचं नाव जाईल ना. तुमी एक डाव लोकायले खरा खेळ दाखवा. लोकायनं मानलं का शेड तुमची."

खरा खेळ दाखवायला दोऱ्या बांधलेला मंच पाहिजे. तो अख्ख्या अकोल्यात त्या खोट्या कंपनीकडेच होता. म्हणून कंपनीचा मालक, अमरावतीचा भगवंत, आमच्या घरी येऊन बसला. रेशमी सदरा, तोंडात पान. बोलताबोलता त्याने माझ्या अळूच्या वाफ्यात पिचकारी मारली आणि माझ्याकडे पाहून हसला.

"भुसावळचा पीटर आणतो तुमच्यासाठी," तो यांना म्हणाला. "रेलवेतला हाय, चांगला खेळते. अन् चिंता नका करू. गाव तुमचं, जीत तुमची. पीटरले सांगून ठेवतो, तिसऱ्या फेरीत पडून जाईल."

"पीटरले काई सांगू नका," सहदेवराव म्हणाले.

"म्हणजे? खरंखुरं मारता काय एकमेकायले?" जणू आम्ही त्याच्याकडे काही घाणेरडं मागितलं होतं, अशा नजरेने त्याने आधी यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हाव. खरंखुरं."

"पाहा बाप्पा. खऱ्यात मजा नसते. खरं पब्लिकले समजत नाही."

हे वाक्य ऐकून मला त्याचा इतका संताप आला की चहा न विचारता मी आत निघून गेले. पुढे तोच खरा ठरला, याचा मला त्याहून जास्त संताप आहे.

सहदेवराव महिनाभर तयारीला लागले. पहाटे मोर्णा नदीच्या काठाने धावायचे, गिरणीतून आल्यावर आंब्याच्या फांदीला टांगलेलं रेतीचं पोतं बडवायचे. पंचही यांनी स्वतः बोलावले, नागपूरचे, पलटणीतून निवृत्त झालेले. एका पैचा खोटेपणा नको होता. तंबूत मी बायकांच्या कनातीत बसले. शेजारी आमच्या गल्लीत भाजी विकणारी मनकर्णाबाई. तिला दंगलीचा मोठा शौक.

आधी कंपनीच्या कुस्त्या झाल्या. एका दाढीवाल्याने दुसऱ्याला खुर्ची फेकून मारली. खुर्ची लागण्याआधीच तो कोसळला. मनकर्णाबाई पदर चावत किंचाळली. मी तिच्याकडे पाहिलं. ही बाई भेंडी घेताना एकेक मोडून पाहते, बाजारात तिला कुणी फसवू शकत नाही. मग इथे काय होतं हिला?

नंतर आमचे हे आणि पीटर आले. तंबू एकदम थंड पडला. ना आरोळ्या, ना मिशीवर ताव. दोघांनी एकमेकांच्या हातमोज्यांना हात लावला आणि खेळ सुरू झाला. पुढे-मागे सरकणं, मान चुकवणं, मधेच एखादा ठोसा. तो इतक्या झटक्यात जायचा की मागच्या लोकांना दिसायचाही नाही. लोक बिड्या पेटवू लागले. "अबे, नाचता काय?" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

दुसऱ्या फेरीत पीटरचा ठोसा यांच्या हनुवटीवर बसला. हे उताणे पडले.

तंबू उठून उभा राहिला. "चीत! चीत!" टोप्या उडाल्या. दोनचार पोरं पीटरला खांद्यावर घ्यायला दोरीशी पोचलीसुद्धा. सगळ्यांचं आयुष्य कुस्त्या बघण्यात गेलेलं; पाठ मातीला लागली की संपलं, हे आमच्या वऱ्हाडात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. पंच वाकून आकडे मोजत होते ते कुणाला ऐकूही आलं नाही. आठाला सहदेवराव उठले.

"आता काहून उठले?" मनकर्णाबाई मला म्हणाली. "हारले ना ते?"

"अव, दहा मोजेपर्यंत उठलं तर चालते. खेळ चालूच हाय."

"असं कसं? पाठ लागली ना! मी पाह्यली मास्तरीणबाई, दोनी खवाटे टेकले होते."

तिसरी फेरी मी आयुष्यात विसरणार नाही. हे इतके सुंदर खेळले की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. पीटरचा डावा डोळा मिटला, तरी तो मागे हटला नाही. यांचा ओठ फाटला, तरी हे हटले नाहीत. घंटा झाली तसे दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे राहिले. तीन फेऱ्यांचे गुण मोजून पंचांनी यांचा हात वर केला.

तंबूत मागून एक आवाज आला, "नुरा!"

नुरा म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. आखाड्यात याहून मोठी शिवी नाही. दाढीवाल्याच्या खुर्चीला कुणी नुरा म्हटलं नव्हतं. पण यांना म्हणाले. "पाठ लागली होती! पंच फुटला! नुरा! नुरा!" चपला यायला लागल्या. एक पंचांच्या छातीवर लागली. भगवंत मंचावर चढला. त्याने एकदा गर्दीकडे पाहिलं, यांचा वर धरलेला हात मनगटाला पकडून खाली ओढला, आणि पीटरचा वर केला. तोच तंबू आनंदाने वेडा झाला. न्याय मिळाला म्हणे! पुढच्या रांगेत बसलेला जानराव टाळ्या वाजवत होता. पीटर हात सोडवायला धडपडत होता, पण तिकडे कुणाचं लक्ष?

घरी येताना मी तोंडाला येईल ते बोलत होते. दाराशी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "हारलो म्हणले असते तं काई नव्हतं. नुरा म्हणले."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दारात पीटर उभा. डोळा काळानिळा, हातात काल त्याला दिलेला जिंकल्याचा कप. "उस्ताद, ये आपका है," म्हणाला आणि कप यांच्या पायाशी ठेवून रडायलाच लागला. यांनी त्याला उठवून मिठी मारली. मग काय विचारता! मी चहा ठेवला, पोहे केले. दोघे अंगणात समोरासमोर उभे राहून, तू मला असा मारलास, मी असा चुकवला, असं हसत हसत दाखवत होते. त्या एका तासात माझ्या मनातली सगळी किळस धुऊन निघाली. मारून घेतलेल्या माणसाच्या गळ्यात गळा घालता येतो असा हा खेळ आहे, हे मला तेव्हा कळलं.

फाटक उघडं होतं. मनकर्णाबाई डोक्यावर टोपली घेऊन थांबली, तिने सगळं पाहिलं आणि पुढे गेली. दुपारपर्यंत बाजारात झालं : कपाची वाटणी करायला भुसावळवाला मास्तरणीच्या घरी आला होता.

संध्याकाळी जानराव आला. कप खिडकीतच होता.

"हा कप तुमच्या घरी कसा?"

"पीटर देऊन गेला," हे म्हणाले. "चहा पिऊन गेला."

"काल एकमेकायचे थोबाड फोडत होते, अन् आज गळ्यात गळा? सहदेवराव, आमी काय बोळ्यानं दूध पेतो काय?"

"अवो, खेळ असाच असते. मंचावर मारायचं, खाली उतरलं का हात द्यायचा. पलटणीत तं..."

"पलटणीतलं पलटणीत. हे अकोला होय." जानरावने आवाज खाली आणला. "पाहा, मले तुमचं वाईट कराचं नाही. तालमीत चार लोकायसमोर येऊन म्हणा, का भगवंतानं फसवलं, त्याच्या नादी लागून नुरा खेळलो, पुन्हा नाही खेळणार. लोकं माफ करते. शेड तुमची. उद्यापासून पोरं घ्या."

त्या शेडच्या भिंतींचं मोजमाप यांनी मनात किती वेळा घेतलं होतं ते मला माहीत होतं. दोऱ्या कुठे, पोतं कुठे, पोरांच्या चपला कुठे. मी चुलीपाशी उभी राहून त्यांच्या पाठीकडे पाहत होते.

"खोटं खेळलो नाही म्हणून तं हे झालं," शेवटी ते म्हणाले. "आता खोटं बोलून वर्ग काढू? अन् पोरायले काय शिकवू?"

"मंग राहू द्या," जानराव म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

वर्ग निघाला नाही. आमच्या अंगणात चार दिवस तीनचार पोरं आली, मग त्यांच्या आयांनी त्यांना ओढून नेलं. नुरावाल्याकडे कशाला? सहदेवराव गिरणीत जात, येत, जेवत. रेतीचं पोतं पावसाळ्यात कुजलं आणि फांदीवरून तुटून पडलं, ते कुणी उचललं नाही.

पुढच्या हिवाळ्यात कंपनी पुन्हा आली. पहिलवानांना उतरायला जागा हवी होती. जानरावने शेड दिली. झाडून, चुना मारून दिली. खेळाच्या दिवशी आम्ही दोघे घरीच होतो. तंबूचा गलका नदीपलीकडून ऐकू येत होता, मी रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई भाजी घेऊन आली ती टोपली उतरवायच्या आधीच सुरू झाली. "काल तुमी याले पाह्यजे होतं मास्तरीणबाई! यंदा बॉक्सिंग ठेवलं होतं. असा खेळ जिंदगीत पाह्यला नाही व माय! एक पंजाबी होता, तो तीनदा पडला, अन् तीनदा उठला. त्या भगवंतानं पहिलेच भोंग्यावर सांगतलं, का बॉक्सिंगमंधी पाठ लागली तरी मानूस हारत नाही, दहापर्यंत मोजाचं. आमी सगळ्यायनं मोजलं. नवावर उठे तो! माझ्या तं डोयात पाणी आलं."

सहदेवराव सायकलच्या चाकात हवा भरत होते. त्यांचा हात थांबला. "अन् मंग जिंकला?"

"जिंकला तं! जानरावदादानं हार घातला त्याले." तिला खरोखरच यांची दया आली असावी, कारण ती मायेने म्हणाली, "तुमी बी तसंच कराचं होतं, भाऊ. मागच्या साली पडले तं तसेच पडून राह्यले. उठाचं होतं ना!"

मी तोंड उघडणार तोच यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

"हाव बाई," ते तिला म्हणाले, "उठाचं होतं." आणि पुन्हा हवा भरू लागले.

तिने भेंडी मोडून दाखवली, कोवळी आहे म्हणाली. मी काही घेतलं नाही. ती गेल्यावर मोरीत जाऊन थुंकले, तरी तोंडाची चव गेली नाही.