गोड लागलेली वाईन

धाकटीनं टाकीच्या तोटीखाली पेला धरला, एक घोट जिभेवर फिरवला आणि लगेच नाल्यात थुंकला.

वाईन गोड लागत होती.

हिरव्या द्राक्षांची ही वाईन जात्याच फटकळ. पहिल्या घोटाला जीभ चावणार, दुसऱ्याला हसणार. आंबताना स्वतःची सगळी साखर खाऊन बसलेली. मग गोडी आली कुठून? धाकटीनं काचेच्या नळीत थेंब टाकून चाचणी केली. साखर नाही. जीभ म्हणते, आहे; नळी म्हणते, नाही. तिनं टाकीकडे वळून बघितलं.

टाकीला दुहेरी पत्रा होता. आत वाईन, आणि दोन पत्र्यांच्या मधून फिरायचं ते थंड करणारं निळं रसायन. घरात त्याला सगळे गारवा म्हणत. वडलांनी ठेवलेलं नाव. गारवा सोड, गारवा बंद कर, गारवा उतरलाय का बघ. पाळण्यातल्या बाळासारखं लाडाचं नाव, कुणाला भीतीच वाटू नये असं.

पंपाचा मिस्त्री उकिडवा बसून दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काट्याकडे बघत होता. "ताई, दोन्ही झडपा बंद केल्यात, तरी दाब उतरतोय. बाहेर एक थेंब नाही. म्हणजे आतला पत्रा फुटलाय. गारवा वाईनमध्ये जातोय."

"पण गारव्याचा डबा तर काठोकाठ आहे."

"असणारच. दादा वरून ओततात ना."

दादा बाटल्या भरायच्या यंत्रापाशी उभा होता. दुपारी ट्रक यायचा होता.

"दादा, गारवा कमी होत होता?"

"होत होता थोडाथोडा. उडून जात असेल."

"बंद नळीतून? पाखरू आहे का ते?"

मिस्त्रीनं हसू दाबलं आणि पाना उगाच पुसायला घेतला.

"ओतलंस काय? आपला खाण्यात गेला तरी चालणारा संपला होता. मीच सांगितलं होतं मागवायला."

"त्याला यायला वेळ लागणार होता. मग गाडीत घालतात तो आणला. निळाच आहे गं. गारवा तो गारवा."

"डब्यावर कवटी होती ना?"

दादा यंत्राची बटणं चाचपू लागला.

"होती का नव्हती?"

"कवट्या काय, सगळ्यावरच छापतात हल्ली."

धाकटीनं पेला आपटला. "माणसाची मूत्रपिंडं जातात त्यानं! आणि गोड लागतं म्हणून माणूस आणखी एक पेला मागतो! ही सगळी नाल्यात ओतायची."

"ओरडू नकोस. गेलाय तो कितीसा? लाल वाईनच्या तीन टाक्यांत थोडं थोडं वाटून टाकू. पातळ झालं की संपलं." त्यानं जाड पाईप ओढत आणला आणि तोटीला लावायला घेतला. "वर्षाची वाईन आहे ही. तुलाच तिचा एवढा लळा, आणि तूच ओतायला निघालीस?"

लळा! हिच्या वेली तिनं छाटल्या होत्या, बोटं बधिर होईतो. घडांवरची पानं तिनं बाजूला केली होती, ऊन लागावं म्हणून. ही आंबत असताना टाकीला कान लावून तिची गुणगुण ऐकली होती. तीच आता कुणाच्या तरी ताटाशेजारी जाऊन बसणार, गोड बोलणार आणि घात करणार. दादाच्या हातात पाईप बघून धाकटीला वाटलं, तोच त्याच्या डोक्यात घालावा.

ती जनरेटरच्या खोलीत गेली. डिझेलचा डबा घेऊन शिडी चढली. टाकीचं झाकण उघडलं आणि डबा उपडा केला.

"वेडी झालीस का!"

"झाले. आता वाट तीन टाक्यांत. वाट ना! वासच सांगेल सगळ्यांना."

डिझेलचा भपकारा तळघरभर पसरला. दादाच्या हातातून पाईप सुटला.

मिस्त्रीनंच हळूच विचारलं, "आणि कालचे खोके?"

धाकटी शिडीच्या मधल्या पायरीवर थांबली. काल ती गावाला होती. "कसले खोके?"

"नमुन्याचे," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "याच टाकीतून भरले. दुकानात पोचले असतील."

ती उरलेल्या पायऱ्या कशी उतरली तिलाच कळलं नाही. तिनं त्याच्या खिशातून फोन काढला, दुकानाचा नंबर लावला आणि त्याच्या कानाला दाबून धरला.

"हं, दादा बोलतोय. अहो, मालात जरा अडचण..."

"अडचण नाही!" तिनं फोन हिसकावला. "वाईनमध्ये विष गेलंय, काका. कालचा एकही खोका विकू नका. बाटल्या विकल्या असतील तर कुणी नेल्या ते आठवा. आत्ता आठवा, मी फोन ठेवत नाही."

पलीकडून दुकानदार कुणाला तरी हाका मारू लागला. तिनं फोन कानाला धरला, दुसऱ्या हातानं दादाचं मनगट पकडलं आणि त्याला दाराकडे ओढलं.

"गाडी काढ. ज्यांनी ज्यांनी नेल्या त्यांच्या दारात जायचं. दार मी वाजवीन. सांगायचं तू."