चंद्रीची वाट

आमच्या मालकांना, सूर्यभानरावांना, पळायची लई मिजास. माझ्या सासऱ्यांनी त्यांना शिकवलेलं, "जनावर जोरात पळतंय, पर मानूस लांब पळतो. आपल्याला घाम सुटतो, वारा लागला की अंग गार हुतं. जनावर नुसतं धापा टाकतंय. भर दुपारी मागं लागायचं, सावलीला उभं राहू द्यायचं न्हाई. आपसूक हातात येतंय." गावात कुनाचं खोंड सुटलं की ह्यांनाच बोलावनं. हे मिशीला पीळ देत निघायचे.

खर्ड्याला दिलेली लेक राजेश्वरी बाळंत झाली. लग्नात द्यायची राहिलेली आंदनाची गाय आता देऊ, नातवाला घरचं दूध मिळंल, असं ठरलं. ती गाय म्हंजी आमची चंद्री, व्यायला टेकली हुती. मी म्हनलं, "अवो, टेम्पो करा." माझं कोन ऐकतंय! "एवढंसं तर हाय, चालत नेतो," म्हनले अन् ऐन चैतात, ऊन चढल्यावर निघाले.

अर्ध्या वाटंत एका ट्रकानं हॉर्न मारला. चंद्री बुजली, दावं तोडून माळाला पळाली. झालं, ह्यांच्या अंगात आलं! लागले मागं. ती बाभळीखाली थांबली की हे हाकलायचे. ती पुढं, हे मागं. थांबू म्हनून दिलं न्हाई.

दुपार कलली तरी राजेश्वरीचा फोनावर फोन, "आई, आबा अजून आले न्हाईत." तेवढ्यात घरामागच्या टेकडीवरनं ह्यांची हाक आली. घागर घेऊन धावले. चंद्री आडवी पडलेली, तोंडाला फेस. हे तुटकं दावं धरून उभे, घामानं निथळत, पर धडधाकट. पानी तिच्या तोंडातनं तसंच बाहेर सांडलं. डोळं फिरलं, धाप थांबली.

माझा जीव तुटला. म्हनलं, "अवो, रोज चरायला ती ह्याच टेकडीवर यायची. दुसरी वाट तिला ठावंच न्हाई. ती घरी येत हुती! सोडली असती, तर आपल्या पायांनी दावनीला आली असती."

ते मटकन खाली बसले. "मला वाटलं, पळून चालली," म्हनले अन् लहान लेकरावानी रडाया लागले.

मी तिच्या पोटावर हात ठेवला. आत वासरू हलत हुतं. मी हात काढला न्हाई. जरा वेळानं तेबी थांबलं.